पाठीचे स्नायू व कण्याचें हाड

बाजारांत बैल पारखतांना जाणता शेतकरी त्याच्या पाठीवरून हात फिरवितो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पाठ भरलेली असली म्हणजे आंतील कणाही बळकट असावा, असा त्याचा अंदाज असतो. मनुष्याच्या बाबतींत हा अंदाज कितपत खरा ठरतो, याचा विचार आज करावयाचा आहे. शेतकऱ्याच्या घरांतील पन्नाशी उलटलेली स्त्री हळूहळू वांकत जाते, उंचीनें कमी होते, आणि आपण तें वयाचें म्हणून सोडून देतों. पुष्कळ वेळां तें नुसतें वय नसतें. कण्याचे मणके विरळ होऊन एकामागून एक दबलेले असतात.

हाड म्हणजे कांहीं दगड नव्हे. तें जिवंत असून शरीर तें सतत कोरतें व पुन्हां भरतें. जेथें भार पडतो तेथें भर अधिक, जेथें भार नाहीं तेथें झीज अधिक, हा नियम जर्मन शस्त्रवैद्य युलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं मांडला. अंतराळांत महिनोनमहिने राहणाऱ्या प्रवाशांच्या कण्याचें व खुब्याचें हाड दरमहा शेंकडा सुमारें एक या प्रमाणानें घटतें. कारण तेथें शरीरास स्वतःचेंही वजन पेलावें लागत नाहीं.

आतां कण्यावर भार घालतो कोण? ओझें, असें सहज वाटेल. परंतु मोठा भार पाठीच्या स्नायूंचाच असतो. वांकून १० किलोंचें पोतें उचलतांना तें कण्यापासून सुमारें १६ इंच पुढें असतें. स्नायू मात्र मणक्याच्या मध्यापासून जेमतेम २ इंच मागें ओढतात. पहारेनें धोंडा उलथणाऱ्यास हा हिशेब चटकन कळेल. दहा किलोंसाठीं स्नायूंस ऐंशी किलोंची ओढ द्यावी लागते, आणि ती सारी मणक्यांवर दाबली जाते. धडाचें वजन निराळेंच. म्हणून ज्यांचे स्नायू जाड व जोरकस, त्यांचे मणकेही बहुधा घन आढळतात. मात्र स्नायू जाड दिसला कीं हाड घन असलेंच पाहिजे, असें समजूं नये. उतारवयांत स्नायूंत चरबी शिरते, तेव्हां आकाराच्या मानानें बळ उरत नाहीं; शिवाय वय, शरीराचें वजन व स्त्रियांची पाळी थांबणें यांचा परिणाम दोहोंवरही एकदमच होतो.

अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डॉ. मेहरशीद सिनाकी यांचें या बाबतींतील काम लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ५० स्त्रियांपैकीं कांहींजणींकडून त्यांनीं दोन वर्षें एकच व्यायाम करविला. पालथें निजावयाचें, पाठीवर वजनाची पिशवी घ्यावयाची आणि छाती वर उचलावयाची. दोन वर्षांनीं पाठीचें बळ वाढलें, पण दोन्ही गटांच्या हाडांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. व्यायाम थांबल्यावर आठ वर्षांनीं पुन्हां तपासणी झाली, तेव्हां मात्र तो दिसला. व्यायाम केलेल्यांत दबलेले मणके शेंकडा १.६, न केलेल्यांत ४.३, हें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. आंब्याचें कलम लावणाऱ्यास इतका धीर धरण्याची संवय असतेच.

याच विदुषीचा १९८४ चा एक निष्कर्ष शेतीकामाशीं अधिक जवळचा आहे. आधींच हाडें विरळ झालेल्या स्त्रियांत, पाठ मागें ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकीं शेंकडा १६ जणींचे मणके नव्यानें दबले. पुढें वांकण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकीं शेंकडा ८९ जणींचे. वांकलेल्या कण्यांत सारा दाब मणक्याच्या पुढल्या कडेवर येतो. भातलावणींत दिवसभर कंबरेंत वांकणाऱ्या वृद्ध स्त्रीकडे या दृष्टीनें पाहावें.

येथें वाचक विचारतील, आमच्याकडील बाया तर जन्मभर राबतात, मग त्यांचीं हाडें लोखंडासारखीं कां नाहींत? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें गरीब कष्टकरी स्त्रियांची तपासणी केली व २००५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. कष्ट भरपूर असूनही त्यांचीं हाडें सधन देशांतील स्त्रियांपेक्षां विरळ निघालीं, आणि आहारांत चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, फारच तुटपुंजा आढळला. अंडीं देणाऱ्या कोंबडीस शिंपल्यांचा चुरा मिळाला नाहीं, तर ती स्वतःच्या हाडांतून चुना काढते, हें कोंबड्या पाळणाऱ्यांस ठाऊक आहे. मनुष्याचें शरीरही गरज पडली कीं तेंच करतें.

प्रौढ माणसास रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवें, असें २०२० सालीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें ठरविलें आहे. शंभर ग्रॅम नाचणींत तें सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम असतें. ज्वारींत त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. आम्हांस खेद होतो तो याचा कीं, नांगरटीच्या दिवसांत बैलास पेंड वाढविणारा आमचा शेतकरी, सुगीच्या दिवसांत घरांतील स्त्रीच्या वांट्यास ताक तरी उरतें कीं नाहीं, हें क्वचितच पाहतो. दूध डेअरीस जातें, आणि ती शेवटीं जेवावयास बसते.

ओझें उचलतांना गुडघे वांकवावे, पाठ सरळ ठेवावी व ओझें अंगाशीं धरावें. खुरप्याऐवजीं लांब दांड्याचें कोळपें चालत असेल तेथें तेंच द्यावें. मात्र जिची उंची दीड-दोन इंच कमी झाली आहे, किंवा जिच्या पाठींत अचानक कळ आली आहे, तिच्याकडून वजनाचा व्यायाम करवूं नये. आधीं जिल्ह्याच्या ठिकाणीं नेऊन हाडांच्या घनतेची तपासणी करवून घ्यावी.