भारतात निघण्याआधी

चि. निनाद यास,


घर घेतलंस, वास्तुशांत झाली, सगळ्यांचं कौतुक करून झालं. आता कोजागरीही सरली, आणि शिकागोत कोजागरीनंतर फार दिवस हाताशी नसतात. अपार्टमेंटमध्ये होतास तोवर थंडी म्हणजे जाड जाकीट आणि गाडीच्या काचा खरवडणं. आता छप्पर तुझं, नळ तुझे, फुटलं तर तेही तुझंच. फोनवर तू नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतोस, मागे टीव्ही चालू असतो. म्हणून लिहून पाठवते.

स्नो-ब्लोअर कुठला घेऊ, हे तू मला किती वेळा विचारलंस! बर्फाचं एवढं घेऊन बसू नकोस. तो बाहेर पडतो, बाहेरच राहतो. घराची वाट लावतं ते घरातलं पाणी. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, हे तू शाळेत शिकलास. पण पाइप बऱ्याचदा गोठल्या जागी फुटतच नाही. मध्येच बर्फाचं बूच बसतं, ते बूच आणि बंद नळ यांच्यामधलं पाणी कोंडतं, दाब वाढत जातो आणि जिथं कच्चं असेल तिथं फाटतं. बर्फ वितळून धार लागेपर्यंत पत्ताही लागत नाही. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ बारीक ठिबकत ठेवायचा, दाबाला वाट मिळते. तुमचं सिंक उत्तरेच्या भिंतीला आहे, तेव्हा त्याखालच्या कपाटाची दारं रात्री सताड उघडी टाका, घरातली ऊब आत जाऊ दे. 30 जानेवारी 2019 ला इथं पारा उणे 23 फॅरनहाइटवर गेला होता. त्या रात्री आमच्याकडे सगळे नळ ठिबकत होते आणि तुझे काका दर थोड्या वेळानं उठून बोट धरून बघत होते.

अंगणातल्या नळाचा होज आजच काढ. नळ नव्या धर्तीचा, न गोठणारा आहे असं म्हणालास. पण होज तसाच राहिला तर पाणी आत अडकतं आणि तोही फुटतो. बेसमेंटमधली त्याची चावी आतून बंद कर, मग बाहेरचा नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दे. गटरं मात्र पानगळ पुरती झाल्यावरच साफ कर, आधी केलीस तर दोनदा करावी लागतील.

फर्नेसवाल्याला याच महिन्यात बोलव. पहिल्या कडक थंडीत तो फोनसुद्धा उचलत नाही. तुझ्या फर्नेसचे दोन पांढरे पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेत, ते पाहून ठेव. वादळात बर्फाचा ढीग त्यांच्यावर चढला की फर्नेस बंद पडते, किंवा त्याहून वाईट, कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपायच्या प्रत्येक खोलीपासून 15 फुटांच्या आत त्याचा अलार्म हवा, हा इलिनॉयचा कायदाच आहे. आणि गराज उघडं असलं तरी आत गाडी तापवत ठेवायची नाही. ऋतालाही सांग.

फटी शोधायला यंत्रबिंत्र नको. वाऱ्याच्या दिवशी देवापुढची उदबत्ती घे आणि खिडक्या-दारांच्या कडेनं सावकाश फिरव. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा झाला की तिथं फट. बाहेरच्या भिंतीवरच्या प्लगांपाशीही धर, तिथूनही बराच वारा येतो. ॲटिकचं झाकण तर विसरूच नकोस. घरातली ऊब तिथून वर गेली की छपरावरचा बर्फ वितळतो, वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठतो आणि मागचं पाणी कौलाखाली शिरतं. लोक मग गटराला दोष देतात. दोष ॲटिकमधल्या फटींचा आणि अपुऱ्या इन्सुलेशनचा असतो.

आता खरी गोष्ट. डिसेंबरात तुम्ही पुण्याला लग्नाला चाललात, महिनाभर घर रिकामं. आपल्या लोकांच्या घरात पाइप फुटतात ते बहुतेक याच महिन्यात. आमच्या ओळखीचे एक जण असेच परतले, तर वरच्या बाथरूमचं पाणी किती दिवस वाहत होतं देव जाणे. दिवाणखान्याचं छत सोफ्यावर उतरलं होतं. बिल वाचवायला त्यांनी हीट बंद करून ठेवली होती! थर्मोस्टॅट 55 च्या खाली न्यायचा नाही, मी तर 60 वर ठेवते. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडून पाणी काढून टाकायचं. तुमच्याकडे फर्नेस आहे, बॉयलर नाही, त्यामुळे पाणी तोडलं तरी अडत नाही. इन्शुरन्सची पॉलिसीही वाच: रिकाम्या घरात हीट चालू नव्हती आणि पाणीही काढलं नव्हतं, तर गोठून फुटलेल्या पाइपाचे पैसे बहुधा मिळत नाहीत. किल्ली शेजाऱ्यांकडे दे आणि दर दोन-तीन दिवसांनी आत डोकवायला सांग. संकोच करू नकोस, परत येताना चितळ्यांची बाकरवडी आण म्हणजे झालं.

मीठ दोन पोती घे. थंडी 15 फॅरनहाइटच्या खाली गेली की साधं मीठ फारसं चालत नाही, मग कॅल्शियम क्लोराइड लागतं. तुळस आणि कढीपत्ता अजून बाहेरच असतील तर हे पत्र बाजूला ठेवून आधी आत आण.

तो मुख्य व्हॉल्व्ह कुठं आहे, हे तुला माहीत नसणार, मी पैज लावते. येत्या शनिवारी काका टॉर्च आणि पाना घेऊन येतील. व्हॉल्व्ह जुना असला की फिरत नाही, तो आत्ताच फिरवून बघायला हवा. स्वयंपाकाचं काही करू नकोस म्हणावं ऋताला, मसालेभात मी आणते.

तुझी,
मावशी