पहाटे चारचा दिवा

दिवाळी सरली की परसातल्या कोंबड्यांची अंडी कमी होतात, ही तक्रार दरवर्षी याच दिवसांत ऐकू येते. मग कोणी पाण्यात गूळ घालतो, कोणी जंताचे औषध पाजतो, कोणी खाद्याची गोणी बदलतो. थंडीचा त्यात थोडा वाटा असतोच. पण आपल्याकडच्या थंडीत अंडी घटण्याचे मोठे कारण वेगळे आहे: दिवस आखडतो. पुण्याकडे जूनच्या अखेरीस सव्वातेरा तासांचा असलेला दिवस २१-२२ डिसेंबरला जेमतेम ११ तासांवर येतो. नागपूरकडे तो आणखी आठ-दहा मिनिटांनी कमी भरतो.

कोंबडीला उजेड डोळ्यांनी दिसतो तसाच कवटीच्या पातळ हाडातून झिरपून थेट मेंदूपर्यंतही पोहोचतो. उजेडाचे तास वाढत गेले की अंडाशय जागा राहतो, आणि तास घटू लागले की शरीर अंडी थांबवून पिसे बदलण्याच्या तयारीला लागते. पिल्लांना पोटभर चारा मिळेल अशाच दिवसांत ती जन्मावीत म्हणून ही सोय झालेली आहे. शेडमध्ये खाद्य बारा महिने सारखेच असते, पण ते कोंबडीच्या मेंदूला कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. म्हणून हेमंत-शिशिरात दिवसाला तीन तासांचे ठिगळ लावायचे. ते रोज ठरल्या मिनिटाला लागले पाहिजे, आणि पहाटे चारला उठून रोज बटण दाबणे कोणाच्याही घरात आठवड्याच्या वर टिकत नाही. या कामाला भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा टायमर उत्तम. गिझर किंवा डास पळवायच्या यंत्रासाठी लोक आणतात तोच.

किती तास द्यायचे? मोठ्या फार्मवर पिंजऱ्यातल्या लेअर कोंबड्यांना १६ तास देतात. शंभर-दोनशे गिरिराज, वनराज किंवा ग्रामप्रिया कोंबड्या जमिनीवर पाळणाऱ्यांना, बचत गटाच्या शेडना, माझा सल्ला १४ तासांचा आहे. तेवढ्यात काम होते, आणि त्याचा दुसरा मोठा फायदा असा की सगळा जादा उजेड पहाटेच्या बाजूला लावता येतो. संध्याकाळी दिवा लावून तो आठ वाजता एकदम विझवला, तर कोंबड्या असतील तिथे गोंधळून बसतात. कोणी खाद्यभांड्याखाली, कोणी अंड्यांच्या खोक्यात, कोणी कोपऱ्यात एकावर एक. मावळतीचा उजेड मात्र हळूहळू जातो. कोंबडी त्या वेळात आपली दांडी गाठते. तो अर्धा तास तिचा तिला राहू द्यावा. ज्यांना १६ तास द्यायचेच आहेत त्यांनी संध्याकाळसाठी दोन टायमर घ्यावेत. मोठे दिवे आठला बंद करावेत आणि एक मिणमिणता दिवा आणखी वीस मिनिटे ठेवावा.

आता प्रत्यक्ष वेळा. नोव्हेंबरच्या मध्यास पुण्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत-बाहेर मावळतो. पहिल्या आठवड्यात दिवा सहाला लावा. दुसऱ्या आठवड्यात साडेपाच, मग पाच, मग साडेचार आणि पाचव्या आठवड्यात चार. विझण्याची वेळ पहिल्या दिवसापासून साडेसातच ठेवा. जानेवारीत सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांपर्यंत लांबतो, शेडला पडदे असतात, एखाद्या दिवशी धुके असते. साडेसातपर्यंत दिवा राहिला की मध्ये अंधाराची फट पडत नाही. एकदम तीन तास देऊ नका. तासांचा असा धक्का बसला की कोंबडीचे शरीर तयार नसताना अंडे मोठे होते आणि मागचे द्वार बाहेर येण्याचे प्रकार होतात.

विदर्भातल्या वाचकांनी या वेळा जशाच्या तशा घेऊ नयेत. घड्याळ सगळ्या देशाचे एकच असले तरी सूर्य तसा नाही. मुंबईपेक्षा नागपुरात तो जवळजवळ पंचवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो, आणि डिसेंबरात तिथे पावणेसहाच्या आतच मावळतो. त्यामुळे १४ तासांसाठी नागपूर-गोंदियाकडे दिवा शेवटी साडेतीनला लागायला हवा आणि सव्वासातला विझला तरी चालेल. आपल्या गावचा सूर्यास्त पंचांगात किंवा मोबाइलवर बघा, त्यातून मागे १४ तास मोजा, तीच तुमची पहाटेची वेळ.

टायमर दोन प्रकारचे मिळतात. गोल चकतीचा आणि आकड्यांच्या पडद्याचा. चकतीचा स्वस्त आणि समजायला सोपा: कडेला ९६ खुंट्या, एक खुंटी म्हणजे १५ मिनिटे. चारपासून साडेसातपर्यंतच्या १४ खुंट्या खाली दाबायच्या, चकती बाणाच्या दिशेने फिरवून आत्ताची वेळ खुणेसमोर आणायची, की झाले. काही टायमरमध्ये खुंटी वर असली की दिवा लागतो, म्हणून आधी दिवसाउजेडी एकदा तपासावे. पण त्याची चकती विजेवर फिरते. वीज गेली की चकतीही थांबते आणि वीज आली की थांबल्या जागेवरून पुढे चालू लागते.

हे मला माझ्याच शेडमध्ये कळले. त्या वर्षी आमच्याकडे दुपारी दोन-अडीच तास लाइट जायची. मी मोठ्या उत्साहाने चकतीचा टायमर बसवला आणि पहिल्या पहाटे उठून दिवा लागलेला पाहिला. मग बघणे सोडून दिले. आठवड्याभराने आई सकाळी खाद्य घालायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "अरे, कोंबड्या अजून झोपल्यात, आणि काल जेवणं झाल्यावर तुझा दिवा लख्ख पेटलेला होता." हिशेब केला तेव्हा लक्षात आले की रोज अडीच तास मागे पडत चकतीची पहाट रात्रीपर्यंत सरकली होती. कोंबड्यांना रोज नवीनच दिवस मिळत होता. पुढच्या पंधरवड्यात तुसावर पिसांचा सडा पडला आणि अंडी निम्म्यावर आली. पिसे गळू लागलेली कोंबडी परत अंड्यावर यायला दीड-दोन महिने घेते. पक्षी चांगले होते, खाद्य चांगले होते, चूक माझी होती. म्हणून जिथे वीज जाते, म्हणजे आपल्या बहुतेक गावांत, तिथे पडद्याचाच टायमर घ्या. त्याच्या आत छोटी बॅटरी असते, वीज नसतानाही घड्याळ चालू राहते आणि लावलेल्या वेळा पुसल्या जात नाहीत.

तो लावताना लोक अडखळतात, म्हणून सावकाश सांगतो. नवा टायमर आणल्यावर रात्रभर चालू सॉकेटमध्ये नुसता खोचून ठेवा. आतली बॅटरी रिकामी असते, त्यामुळे पडदा कोरा दिसतो आणि लोक तो खराब समजून दुकानात परत नेतात. दुसऱ्या दिवशी 'रिसेट'च्या बारीक भोकात टाचणीने हलके दाबा. मग 'क्लॉक'चे बटण धरून ठेवून तास, मिनिट आणि वार यांची बटणे दाबत आजची वेळ आणा. इथे एक गोष्ट बघाच: पडदा १२ तासांचा आहे की २४ तासांचा. दुपारी चारला पडद्यावर १६:०० दिसले तर २४ तासांचा. १२ तासांचा असेल तर सकाळ-संध्याकाळची खूण तपासा, नाहीतर पहाटे चारचा दिवा दुपारी चारला लागेल आणि भर उन्हात तो कोणाला दिसणारही नाही.

यानंतर 'प्रोग' किंवा 'टायमर' असे लिहिलेले बटण दाबा. पडद्यावर १ आणि 'ऑन' दिसेल. तिथे ४:०० भरा आणि वाराचे बटण दाबत राहा. सातही वारांची इंग्रजी आद्याक्षरे एकाच वेळी दिसली की थांबा. पुन्हा तेच बटण दाबले की १ 'ऑफ' येते. तिथे ७:३० भरा आणि वार पुन्हा सातही. 'ऑन'ला सात वार आणि 'ऑफ'ला फक्त सोमवार अशी चूक फार होते, मग दिवा लागतो तो आठवडाभर विझतच नाही. पुढचे २, ३, ४ क्रमांकाचे कार्यक्रम पुढे सरकत पाहून घ्या. तिथे आकड्यांऐवजी नुसत्या रेघा हव्यात. 'क्लॉक' दाबून वेळेवर परत या.

शेवटचे काम 'मॅन्युअल' बटणाचे. ते दाबत गेले की 'ऑन', 'ऑटो', 'ऑफ' अशी फेरी चालते. टायमर 'ऑटो'वर असला तरच लावलेल्या वेळा पाळतो. त्यातही बऱ्याच टायमरची एक खोड आहे: 'ऑन'वरून 'ऑटो'वर आणला तर तो पुढची विझण्याची वेळ येईपर्यंत चालूच राहतो, आणि 'ऑफ'वरून आणला तर पुढच्या लागण्याच्या वेळेपर्यंत बंद राहतो. रात्री लावताना म्हणून 'ऑफ'वरून 'ऑटो'वर या. 'रँडम' नावाचे बटण असेल तर त्याची खूण पडद्यावर नको. घरमालक गावाला गेल्यावर घरात माणूस आहे असे चोराला वाटावे म्हणून दिवे वेळी-अवेळी लावण्याची ती सोय आहे. शेडमध्ये आपल्याला नेमके उलटे हवे आहे. घड्याळ एका तासाने पुढे नेणारे उन्हाळी वेळेचे बटणही काहींना असते. ते परदेशासाठी आहे, बंद ठेवा. हे सगळे झाले की पाच मिनिटांनी लागणारा आणि दहा मिनिटांनी विझणारा एक खोटा कार्यक्रम भरून, समोर उभे राहून बघा. मग तो पुसा.

टायमर शेडमध्ये लावू नका. तिथे तुसाची धूळ असते आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया तांब्या-पितळेचे जोड खातो. घराच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये टायमर, तिथून पाइपातून शेडपर्यंत वायर, आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपियरचा गळती-संरक्षक स्विच. उंदरांनी कुरतडलेल्या उघड्या वायरीने माणसे आणि जनावरे दोन्ही जातात, हे काम वायरमनकडूनच करून घ्या. सॉकेटचे बटण घरातले कोणीतरी सवयीने बंद करते, त्यावर चिकटपट्टी लावा.

बल्ब ९ वॅटचे एलईडी, पिवळसर उजेडाचे घ्या. २०० कोंबड्यांच्या २० बाय २० फुटांच्या शेडला तीन पुरेत, सात फुटांवर, कुठे गडद सावली पडणार नाही असे. कोंबडीच्या उंचीला वर्तमानपत्र धरून अक्षरे वाचता आली की उजेड पुरेसा आहे. यापेक्षा झगझगीत दिवे लावले तर कोंबड्या एकमेकींना टोचू लागतात. खर्च म्हणाल, तर २७ वॅट रोज साडेतीन तास म्हणजे महिन्याला तीन युनिटही होत नाहीत. बल्बवरची धूळ दर आठवड्याला पुसा.

पहाटेच वीज जात असेल तर टायमरची बॅटरी दिवा लावू शकत नाही, ती फक्त घड्याळ सांभाळते. घरात इन्व्हर्टर असेल तर या तीन बल्बांची लाइन त्यावर घ्यावी, भार अगदी किरकोळ आहे. वीज गेल्यावर आपोआप लागणारे चार्जिंगचे बल्ब मिळतात, पण एकाच टायमरवर असे दोन-तीन बल्ब असतील तर टायमर बंद झाल्यावरही ते जळत राहू शकतात. लावलेच तर पहिल्या दिवशी विझण्याच्या वेळेला जाऊन बघा.

अठरा आठवड्यांखालच्या तलंगांना हा जादा उजेड देऊ नका. अंगाने भरण्याआधी त्या अंड्यावर येतात, बारीक अंडी घालतात आणि पुढे वर्षभर मागे राहतात. त्यांची जागा वेगळी हवी आणि मोठ्यांच्या दिव्याचा उजेड तिथे जाता कामा नये. लहान पिलांच्या ऊबदार दिव्यालाही टायमर लावू नका. पहिल्या आठवड्यात पिलांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि निफाडकडच्या रात्री तासभर दिवा विझला तर पिले ढिगाने गुदमरतात. टायमरला वेळ कळते, थंडी कळत नाही. तिथे तापमानावर चालणारा थर्मोस्टॅट हवा. विहिरीवरची मोटार याच टायमरवर चालेल का, असे खूप जण विचारतात. नाही. मोटार सुरू होताना काही पट जास्त करंट ओढते आणि छोट्या टायमरचे टोक चिकटून बसते. मोटारीला तिचा स्टार्टरच हवा.

दिवा चारला लागणार म्हणजे कोंबडी चारला भांड्यापाशी येणार, हे विसरू नका. रात्रीच खाद्य आणि पाणी भरून ठेवा. अंड्याचे कवच मुख्यतः रात्री बनते, म्हणून संध्याकाळी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात द्या. दिवस मोठा केला आणि खाद्य रोज ११० ग्रॅमच्या खाली ठेवले तर कोंबडी अंगातले झिजवून अंडी देते आणि फेब्रुवारीत एकदम बसते.

संक्रांतीनंतर दिवस वाढू लागला म्हणून दिवा काढू नका. चारची वेळ तशीच राहू द्या, सूर्यास्त पुढे सरकेल तसे तास आपोआप वाढत जातील. कळप विकायचा किंवा बदलायचा ठरेपर्यंत उजेड कमी करू नये.

आठवडी बाजाराच्या दिवशी टायमरची वेळ मोबाइलशी ताडून बघायची सवय लावा, आणि रोजची अंडी वहीत लिहा. पहिला दिवा लावल्यापासून दोन-तीन आठवडे वहीतला आकडा हलणार नाही. तेवढ्यात धीर सोडून वेळा बदलू नका.