पुतण्याच्या दुकानाची नोंद करावी का?

प्रश्न : मी निवृत्त ग्रंथपाल आहे. संकेतस्थळांची सूची करणाऱ्या 'कर्ली'चे स्वयंसेवी संपादक व्हावे, असे मनात आहे. येवल्यात पुतण्याचे पैठणीचे दुकान आहे. संपादक झाल्यावर त्याचे संकेतस्थळ मला नोंदवताच येणार नाही, असे कळले. खरे काय?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : हा गैरसमज आहे. घरचे संकेतस्थळ नोंदवता येते. नाते मात्र अर्जातच सांगा. मग येवल्यातील इतर पैठणीवाल्यांची स्थळेही त्याच निकषाने नोंदवा. नोंदीसाठी कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, भेट म्हणून साडीसुद्धा नको.

खरी कसोटी वर्णनाची. 'महाराष्ट्रातील सर्वोत्तम पैठणी' ही जाहिरात झाली. 'येवल्यातील हातमागाच्या पैठण्यांची विक्री. नमुने, किमती आणि पत्ता' एवढे पुरे, आणि तेही स्थळावर खरोखर असेल तरच. शीर्षकात दुकानाचे नाव आहे तसे द्या. मराठी स्थळ मराठी विभागात जाते. इंग्रजी असेल तर भारत, महाराष्ट्र अशा प्रादेशिक विभागात. अर्धवट किंवा उचललेल्या मजकुराची स्थळे सोडून द्या.

१९९८ साली सुरू झालेली 'डीमॉझ' ही सूची २०१७ मध्ये बंद पडली. तिचेच काम 'कर्ली' पुढे नेते. माणसाने पाहून, पारखून केलेली मराठी स्थळांची सूची आजही हवी आहे, असे मला मनापासून वाटते. वर्गीकरण तर तुमच्या हातचे काम. सुरुवातीला छोटाच विभाग मागा, नवख्यांना तोच सहज मिळतो. अर्ज जरूर करा.