पिल्लू गाडीतून घरी आणताना

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी रात्री दवाखाना बंद करून निघण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागातले एक ओळखीचे कुटुंब आत आले. आई, वडील, आजी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलाच्या उजव्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला, त्यावर हळदीचा पिवळा डाग.

"विशेष काही नाही डॉक्टर," वडील म्हणाले, "ह्याच्या वाढदिवसाला कुत्र्याचे पिल्लू आणले घोडबंदर रोडवरून. गाडीत खेळता खेळता जरा दात लागला. धनुर्वाताचे इंजेक्शन द्या म्हणजे झाले."

मी मुलालाच विचारले, तेव्हा खरी हकीकत कळली. पिल्लू मांडीवर घेऊन तो पुढच्या सीटवर बसला होता. मुंब्रा बायपासच्या वळणांवर पिल्लू ओकले. ह्याचे हात सुटले आणि पिल्लू वडिलांच्या पायात, थेट ब्रेकच्या पॅडलखाली जाऊन बसले. नेमका त्याच वेळी शीळफाट्याजवळ पुढचा कंटेनर थांबला. ब्रेक दाबावा तर खाली पिल्लू! वडिलांनी कसाबसा हँडब्रेक ओढला आणि गाडी कंटेनरपासून हातभर अंतरावर थांबली. त्या गोंधळात मुलाने पिल्लाला ओढून काढायला हात घातला आणि घाबरलेल्या पिल्लाने अंगठ्याला कडकडून चावा घेतला. 'जरा दात लागला' तो असा.

वाचकहो, त्या एका तासाच्या प्रवासात हे कुटुंब दोन संकटांच्या तोंडातून परत आले होते. पहिले त्यांना कळले होते, दुसरे कळले नव्हते. आज दोन्हींविषयी लिहितो, कारण ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत नवनवीन सोसायट्यांत हल्ली पिल्लू आणणारी घरे बरीच दिसतात, आणि पिल्लाचा पहिला प्रवास बहुधा मुलाच्या मांडीवरूनच होतो.

मांडी ही जागा नव्हे

तीन किलोचे पिल्लू हाताने सहज धरता येते असे आपल्याला वाटते. गाडी चालू असताना हा हिशेब चुकतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ वीसपट धक्का बसतो. म्हणजे तीन किलोचे पिल्लू त्या क्षणी साठ किलोंचे होते. ते कोणाच्याही हातात राहणार नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर ती फुगताना पिल्लू तिच्या आणि मुलाच्या छातीच्या मध्ये सापडते. दोघांनाही इजा होते.

म्हणून पिल्लू पिंजऱ्यात किंवा झाकणाच्या मजबूत टोपलीतच आणावे. बाजारात प्लास्टिकचे पिंजरे मिळतात. उभे राहता येईल आणि वळून बसता येईल एवढाच मोठा घ्यावा. फार मोठ्या पिंजऱ्यात ते वळणावर इकडून तिकडे आपटते. तळाला वर्तमानपत्राची घडी, वर जुना टॉवेल. पिंजरा पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवण्याच्या जागेत घट्ट बसवावा किंवा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधावा. शेजारी मोठ्या माणसाने बसावे. मुलेही मागेच, आपापले पट्टे लावून. चालवणाऱ्याने मागे वळून पाहायचे नाही. पिल्लू रडले तरी नाही.

कापडी पिशवीत किंवा गोणीत तोंड बांधून पिल्लू आणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात ते गुदमरते. स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून तर आणूच नये. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनी रिक्षा करावी, पण टोपली हवीच.

प्रवासाआधी आणि प्रवासात

पिल्लाच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पुरती तयार झालेली नसते, त्यामुळे त्याला गाडी लागते. निघण्यापूर्वी दोन-तीन तास खाणे देऊ नये, असे आधीच सांगून ठेवावे. त्याहून जास्त वेळ मात्र उपाशी ठेवू नये. अगदी लहान जातींच्या पिल्लांची साखर उतरते. पाणी थोडे थोडे द्यावे.

मला दरवेळी विचारतात, "डॉक्टर, आमच्या मुलाची उलटीची गोळी अर्धी देऊ का?" देऊ नका. माणसाचे औषध कुत्र्याला आपल्या मनाने कधीच देऊ नये. आपल्या घरात सहज सापडणारी आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी पिल्लाच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते. औषध पशुवैद्यांनी सांगितलेलेच.

उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी लवकर निघावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग निववते, आणि आपल्या दमट हवेत धापांचा उपयोगही कमी होतो. बंद गाडी उन्हात उभी राहिली तर दहा मिनिटांत आतले तापमान सुमारे दहा अंशांनी वाढते, अर्ध्या तासात अठरा-एकोणीस अंशांनी. बाहेर ३२ असेल तर आत पन्नास! काच चार बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून केक घ्यायला 'दोनच मिनिटे' थांबतानाही पिल्लाला गाडीत एकटे सोडू नये. हाच नियम लहान मुलांनाही लागू आहे, हे वेगळे सांगायला नको.

वाटेत थांबलात तर पिल्लाला रस्त्याकडेच्या मातीत सोडू नका. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला तेथे पार्व्हो नावाचा रक्ती हगवणीचा रोग लागतो आणि त्यात पुष्कळ पिल्ले दगावतात. माणसाला हा विषाणू लागत नाही. पण पिल्लाच्या विष्ठेतून येणाऱ्या जंतांची अंडी मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून ओकारी किंवा घाण हातमोजे किंवा पिशवी घालून पुसावी, आणि घरी पोचल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. खाणे त्यानंतर.

दुसरे संकट

आता त्या अंगठ्याकडे येतो. "एवढेसे पिल्लू, त्याच्या दातांनी काय होते?" असे आजी म्हणाल्या. त्यांना मी जे सांगितले तेच येथे लिहितो.

मी इंटर्न असताना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात एक तरुण दाखल झाला. पाण्याचा पेला समोर आणला की त्याचा घसा आवळून यायचा. पंख्याचा वारा लागला तरी तो दचकायचा. शुद्धीवर होता, आमच्याशी नीट बोलत होता. तीन महिन्यांपूर्वी गल्लीतल्या पिल्लाने बोटाला ओरखडा काढल्याचे त्याच्या बायकोला आठवले. त्यांनी त्यावर चुना लावला होता. आमच्या हाती काहीच नव्हते. तिसऱ्या दिवशी तो गेला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय नाही. जे काही करायचे ते त्याच्या आधी.

पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. त्याची रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. म्हणजे आठ-नऊ आठवड्यांचे जे पिल्लू आपण घरी आणतो त्याला ती बहुधा मिळालेलीच नसते. 'लसी झाल्या आहेत' असे विकणारा म्हणतो त्या इतर रोगांच्या असतात. त्याची आई बाहेर फिरत होती का, तिला लस होती का, हे विचारून घ्या आणि कार्ड पाहा. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असे २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांतच आहे. आई आणि भावंडांत राहून पिल्लू किती जोरात चावावे हे शिकते. लवकर तोडलेले पिल्लू जास्त चावते.

चावले, ओरबाडले तर

प्रथम वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून. हा अर्धा उपचार आहे. मी त्या मुलाचा अंगठा नळाखाली धरला तेव्हा आजी म्हणाल्या, "अहो, हळद धुऊन जाईल!" जाऊ द्या म्हटले. हळद, चुना, मिरची, तेल यातले काहीही लावायचे नाही. धुऊन झाल्यावर जंतुनाशक लावावे. जखमेला शक्यतो टाके घालू नयेत, पट्टीही आवळून बांधू नये.

नंतर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धड कातडीवर नुसते चाटले असेल तर धुणे पुरते. रक्त न आलेला ओरखडा किंवा कुरतडणे असेल तर लस घ्यावी लागते. रक्त आले असेल, किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल तर लस आणि शिवाय इम्युनोग्लोब्युलिन, जे जखमेतच आणि तिच्या भोवती टोचतात. लस अंगात शक्ती निर्माण करायला काही दिवस घेते. तोवरचे संरक्षण ह्या दुसऱ्या औषधाने मिळते. ते चुकवू नका.

"पोटात चौदा इंजेक्शने" ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेम्पल यांनी तयार केलेली मेंढीच्या मेंदूची ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आताची लस दंडात देतात. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. ० म्हणजे पहिली लस घेतली तो दिवस. महापालिकेच्या रुग्णालयांत, म्हणजे कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, येथे चौकशी करावी.

पिल्लू दहा दिवस नजरेखाली ठेवायचे, पण उपचार तोवर थांबवायचे नाहीत. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर पुढच्या मात्रांचे काय करायचे ते डॉक्टर सांगतील. आपण आपल्या मनाने बंद करू नयेत.

त्या मुलाला मी धनुर्वाताचे आणि रेबीजचे पहिले इंजेक्शन दिले आणि इम्युनोग्लोब्युलिनसाठी त्याच रात्री रुग्णालयात पाठवले. जाताना त्याने हळूच विचारले, "डॉक्टरकाका, पिल्लू परत द्यावे लागेल का?" मी म्हटले, "त्याने काय गुन्हा केला? आईपासून तोडले, गाडी लागली, कोणीतरी शेपटी धरून ओढले. तू काय केले असतेस?"

सगळ्या मात्रा त्याने वेळेवर घेतल्या. शेवटच्या दिवशी वडील म्हणाले, "काल पिल्लाला पशुवैद्यांकडे नेले. पिंजऱ्यात, मागच्या सीटवर. झोपून गेले होते." मुलगा दोन्ही कार्डे दाखवायला घेऊन आला होता, एक स्वतःचे आणि एक पिल्लाचे. दोन्ही एकाच पाकिटात नीट ठेवली होती. तुमच्याही घरी ती अशीच असू द्या.