काळ्या घरांतील सुटी

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर एखादें एकाकी घर आठवड्याच्या बोलीनें भाड्यानें घेऊन सुटी घालविण्याची तिकडे मोठी चाल आहे. गलबला नाहीं, वर्दळ नाहीं, समोर समुद्र आणि मागें उघडें माळरान. एवढ्यासाठींच शहरचीं माणसें पैसे मोजून तेथें जातात. परंतु ही शांतता त्या जागेस आली कोठून, आणि आज पाहुण्यांस मिळणारें घर पूर्वीं कोणाचें होतें, हे प्रश्न विचारूं लागलें म्हणजे भूगोल, इतिहास व अर्थशास्त्र हे तीनही विषय एका घराच्या चार भिंतींत एकत्र आलेले दिसतात. असें एक ठिकाण आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

नकाशांत स्कॉटलंडच्या वायव्येस बाह्य हेब्रिडीज नांवाची बेटांची रांग आहे. तींतील सर्वांत मोठ्या बेटाच्या उत्तर भागास लुइस व दक्षिण भागास हॅरिस म्हणतात. मुख्य भूमीवरील उलापूल बंदरांतून आगबोटीनें सुमारें अडीच ते पावणेतीन तासांत लुइसमधील स्टॉर्नोवे शहरीं पोहोंचतां येतें. तेथून माळरान ओलांडून पश्चिमेस गेलें म्हणजे कार्लोवे हा भाग लागतो, आणि तेथें रस्ता संपतो त्या ठिकाणीं, अटलांटिक महासागराच्या कांठीं, गॅरेनिन हें लहानसें गांव आहे. हा प्रदेश ५८ उत्तर अक्षांशावर असल्यामुळें जूनमध्यें दिवस सुमारें १८ तासांचा, तर डिसेंबरांत साडेसहा तासांचाहि नसतो. मुंबईचा मोठ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, हें ध्यानांत घेतां त्या फरकाची कल्पना येईल.

येथील जुन्या घरांस गेलिक भाषेंत ‘ताय दू’ म्हणजे ‘काळें घर’ असें म्हणतात. त्यांची रचना विचार करण्याजोगी आहे. चुन्यावांचून रचलेल्या दगडांच्या दोन भिंती, आणि त्यांच्या मधल्या पोकळींत माती ठासलेली, अशी ती जाड व बुटकी भिंत असते. कोपरे वाटोळे ठेवितात, म्हणजे वाऱ्यास अडथळा होत नाहीं. छप्पर आंतल्या भिंतीवर टेकविलेलें असतें. त्यास बाहेर वळचण नसते, म्हणून वादळास तें उचलून नेण्यास धरावयास कांहीं सांपडत नाहीं. वरील गवतावर दोर टाकून त्यांच्या टोकांस दगड बांधतात. छपरावरून निथळणारें पाणी भिंतींतल्या मातींत मुरतें, व ती ओली माती वारा आंत येऊं देत नाहीं. एकाच छपराखालीं एका बाजूस माणसें व दुसऱ्या बाजूस गुरें राहत. धुराडें नव्हतें, धूर छपरांतून वाट काढी, आणि काजळीनें माखलेलें जुनें गवत पुढें शेतांत खत म्हणून पडे. ज्या बेटावर झाडें फारच थोडीं, तेथें हाताशीं असलेल्या दगड, माती व गवत यांतून माणसानें काढलेली ही युक्ति होय.

लांकडाच्या अभावीं जळण म्हणून पीट वापरीत. अद्यापि कांहीं घरीं वापरतात. दलदलीच्या जागीं कुजलेल्या शेवाळाचे व वनस्पतींचे थर सांचून हा पदार्थ बनतो. वसंत ऋतूच्या अखेरीस विशेष प्रकारच्या कुदळीनें त्याच्या विटा कापतात, माळावर वाळवितात, आणि मग घराजवळ रचून ठेवितात. हा थर वर्षाकाठीं जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे एक मीटर खोल थर सांचण्यास सुमारें एक हजार वर्षें लागतात! चुलींत एका संध्याकाळीं जळणारी वीट किती शतकांची आहे, याचें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें.

आतां इतिहासाकडे वळूं. १८४४ साली सर्व लुइस प्रांत जेम्स मॅथेसन या एका गृहस्थानें विकत घेतला. जार्डिन मॅथेसन कंपनीच्या चीनमधील अफूच्या व्यापारांत त्यानें अपार संपत्ति मिळविली होती. आमच्या वाचकांस येथें एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें: त्या व्यापारांतील माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जात असे, व सर जमशेटजी जिजीभाई हे मुंबईंत या कंपनीशीं मोठा व्यवहार करणारे व्यापारी होते. हजारों मैल दूरच्या त्या बेटाची खरेदी करणाऱ्या पैशाची एक वाट अशी आपल्या मुंबईवरून गेलेली आहे.

पुढें दोन वर्षांनीं बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला. मॅथेसनानें लोकांस धान्य पुरविलें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु १८५१ ते १८५५ या काळांत, ज्यांचें भाडें थकलें होतें अशा कुटुंबांसह दोन हजारांहून अधिक लोक जहाजांत घालून कॅनडास पाठविण्यांत आले. मागें राहिलेल्यांसहि जमिनीची शाश्वति नव्हती. १८७४ साली जवळच्याच बर्नेरा बेटावरील शेतकऱ्यांनीं जमीन सोडण्याचा हुकूम मानला नाहीं. त्यांपैकीं तिघांवर खटला झाला व ते निर्दोष सुटले. १८८३ साली सरकारनें चौकशी मंडळ नेमलें. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे पूर्वीं मद्रासचे गव्हर्नर होते. त्यानंतर १८८६ च्या कायद्यानें लहान शेतकऱ्यास आपल्या जमिनीवरून सहज हुसकतां येणार नाहीं, भाडें वाजवी असावें व हक्क वारसास मिळावा, अशी तरतूद झाली.

तथापि लोकसंख्येची ओहोटी थांबली नाहीं. बाह्य हेब्रिडीजमध्यें १९११ साली सुमारें ४६,००० लोक होते. २०२२ च्या शिरगणतींत ते सुमारें २६,००० भरले. गॅरेनिनमधील शेवटचीं वृद्ध माणसें घरांची डागडुजी झेपेनाशी झाल्यामुळें १९७४ साली जवळच्या नव्या घरांत राहावयास गेलीं. घरें ढांसळूं लागलीं. तेव्हां १९८९ साली स्थानिक लोकांनीं एक न्यास स्थापून तीं पुन्हां उभीं करण्यास आरंभ केला, व २००१ साली हें गांव पाहुण्यांस खुलें झालें. बाहेरून तोच दगड व तेंच गवत. आंत वीज, ऊब व स्वयंपाकाची सोय. पाहुण्यांच्या पैशावर येथें जुनीं घरें जगलीं, हा एक लाभ होय.

परंतु नाण्यास दुसरी बाजू आहे. बेटावरील चांगलीं घरें सुटीच्या भाड्यास जाऊं लागलीं, म्हणजे तेथेंच जन्मलेल्या तरुण जोडप्यास घर मिळणें कठीण होतें. घरांत मुलें नसलीं म्हणजे शाळा ओस पडते, शाळा गेली म्हणजे उरलेलीं कुटुंबेंहि निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर गेलिक भाषाहि जाते. म्हणूनच स्कॉटलंडांत २०२२ पासून असें घर भाड्यानें देण्यास स्थानिक कौन्सिलाचा परवाना आवश्यक करण्यांत आला आहे. जमिनीच्या बाबतींतहि पालट होत आहे. २०१५ साली कार्लोवेची जमीनदारी तेथील रहिवाशांच्या न्यासानें विकत घेतली.

मग पाहुण्यानें तेथें जाऊंच नये काय? आमचें मत तसें नाहीं. मात्र त्यानें पाहुण्यासारखें वागावें. सामान शहरांतून भरून न नेतां गांवच्या दुकानांत घ्यावें. हॅरिस ट्वीडचें कापड घ्यावयाचें तर खरें घ्यावें. १९९३ च्या कायद्याप्रमाणें तें याच बेटांवर, विणकराच्या स्वतःच्या घरीं, हातानें विणलेलें असावें लागतें. रविवारची विश्रांति तेथें अजून पुष्कळ घरीं कसोशीनें पाळतात. स्टॉर्नोवेहून रविवारची आगबोटदेखील १९ जुलै २००९ पासून सुरू झाली. तेव्हां त्या दिवशीं आपला गोंगाट आवरावा. कुरणाचें फाटक उघडलें तर लावून घ्यावें.

पालकांस आमची एवढीच सूचना आहे कीं, सुटींत मुलांस कोठेंहि परक्या गांवीं नेलें, तर तीन प्रश्नांचीं उत्तरें त्यांस शोधावयास लावावीं: हें घर कोणीं बांधलें? तेथील लोक कां निघून गेले? आणि आपण दिलेलें भाडें कोणाच्या हातीं जातें?