मल्लखांबपटूंमधील कटिशूल : निदान, चिकित्सा व औषधयोजनेतील सावधगिरी

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेली मल्लखांबविद्या आता केवळ तालमीपुरती राहिलेली नाही. २०२२ साली गुजरातेत झालेल्या ३६व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तिचा समावेश होता. साहजिकच स्पर्धेसाठी कसून सराव करणारी मुले-मुली कंबरदुखीची तक्रार घेऊन आपल्याकडे येतात. (परदेशी धातूच्या खांबावरील पोल डान्स करणाऱ्यांतही हीच तक्रार आढळते, पाठीची अतिवक्रता व एका बाजूने घेतलेला भार हे हेतू दोन्हीकडे समान आहेत.)

हेतूंचा विचार करता अतिव्यायाम हा वातप्रकोपाचा प्रमुख हेतू होय. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा शास्त्रादेश स्पर्धेच्या तयारीत सर्वप्रथम मोडला जातो. त्यात रूक्ष व अपुरा आहार, जागरण आणि उंचावरून घेतलेल्या उडीचा आघात यांची भर पडते. प्रकुपित वात कटिप्रदेशी स्थानसंश्रय करतो. मात्र दूष्य कोणते, मांस, स्नायू, संधी की अस्थी, हे ठरविल्याशिवाय चिकित्सा सुरू करणे योग्य नव्हे.

या ठिकाणी लेखकाने स्वतःची चूक नमूद करणे उचित ठरेल. चौदा वर्षांच्या एका मल्लखांबपटूस मांसगत वात समजून अभ्यंग, नाडीस्वेद व योगराज गुग्गुळ दिला. चार दिवसांत वेदना उतरली आणि मुलगा पुन्हा खांबावर चढला. पाच आठवड्यांनी तो परत आला तेव्हा त्यास सरळ उभे राहणेही कठीण झाले होते. चित्रणात पाचव्या कटिकशेरूच्या मागील कमानीस ताणजन्य भंग आढळला. वेदना शमली म्हणजे व्याधी शमला, हे गृहीतच चुकीचे होते.

वाढत्या वयातील खेळाडूंत या भंगाचा संशय प्रथम घ्यावा. मागे वाकताना वेदना वाढणे व विश्रांतीने ती कमी होणे, ही त्याची खूण. एका पायावर उभे करून मागे वाकविल्यास त्या बाजूस शूल होतो. तथापि या एकाच परीक्षेवर विसंबू नये. साधी क्ष-किरण प्रतिमा आरंभी निर्दोष दिसू शकते, म्हणून संशय असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला व एमआरआय आवश्यक. याउलट प्रौढ खेळाडूस पुढे वाकताना, बसताना वा खोकताना वेदना होऊन ती स्फिक्, ऊरू, जंघा या क्रमाने पायात उतरत असेल, तर गृध्रसीचा विचार करावा. पाय सरळ उचलण्यास होणारा प्रतिबंध सुश्रुतांनी नोंदविलेला आहेच. मूत्र-मलप्रवृत्तीत बिघाड, गुदप्रदेशी बधिरता, पाऊल लुळे पडणे, ज्वर किंवा रात्रीची असह्य वेदना असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

भंग असल्यास भग्नचिकित्सेचे सूत्र लागू होते. प्रथम स्थैर्य, म्हणजे खांब पूर्ण बंद. हा काळ सहसा तीन महिन्यांच्या आसपास असतो. सोबत लाक्षा गुग्गुळ, अस्थिशृंखला, दूध व तूप यांची वयानुसार योजना करावी. तज्ज्ञांच्या अनुमतीनंतर उदर व पाठीच्या पेशींचे बलवर्धन आणि मगच हळूहळू सराव. मांसगत शूलात मात्र तिळतेल वा महानारायण तेलाचा अभ्यंग, निर्गुंडीपत्रांची पोट्टली, उडदाच्या पिठाची पाळ करून कटिबस्ती आणि प्रौढांत सुमारे ६० मि.ली. मात्राबस्ती यांचा चांगला उपयोग होतो. कटिप्रदेशी कुकुंदर व कटीकतरुण ही मर्मे असल्याने जोराने रगडणे, तुडविणे सर्वथा टाळावे. अभ्यंग सरावापूर्वी करू नये, अन्यथा खांबावरील अढी सुटून अपघात होतो. ज्या एरंडेलाने खांब माखला जातो तेच वातव्याधीत श्रेष्ठ मानलेले अनुलोमक आहे. पण घरचे लोक ते परस्पर रोज पाजू लागतात, तेही थांबवावे लागते.

औषधविक्रेत्यांनी पुढील बाब विशेष ध्यानात घ्यावी. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, एकांगवीर रस इत्यादी कल्पांत कुचला असतो. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत स्पर्धाकाळापुरते निषिद्ध आहे. कुचला औषध नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीतही आहे व असे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. ‘कंबरेची गोळी द्या’ असे म्हणत आलेल्या खेळाडूस ती चिठ्ठीविना देणे म्हणजे त्याची वर्षांची मेहनत धोक्यात घालणे होय. वैद्यांनीही चिठ्ठीवर ‘खेळाडू’ असे ठळक लिहावे, स्पर्धेची तारीख विचारावी आणि घटकद्रव्ये न छापलेली, ‘एका दिवसात आराम’ असा दावा करणारी चूर्णे कटाक्षाने टाळावीत. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते.