मीठ बदलले, गळ्यातली ग्रंथी तीच



आपल्या लाळग्रंथीची लाळ नळीतून तोंडात येते. काही ग्रंथींना मात्र नळी नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात आणि त्यांच्या स्रावाला संप्रेरक किंवा हॉर्मोन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी, गळ्यात थायरॉइड, तिच्या मागे चिकटलेल्या चार लहान परावटू ग्रंथी, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल, पोटात स्वादुपिंड, शिवाय स्त्रियांचे बीजकोष व पुरुषांचे वृषण, हे या कुटुंबातले मुख्य सभासद. आज फक्त थायरॉइडविषयी लिहिते, कारण तिचा कच्चा माल आपल्या स्वयंपाकघरातून जातो.

हा कच्चा माल म्हणजे आयोडीन. थायरॉक्सिन या हॉर्मोनच्या प्रत्येक कणात आयोडीनचे चार अणू असतात. शरीर किती वेगाने ऊर्जा वापरणार, हृदय किती जोमाने चालणार, गर्भाचा मेंदू कसा घडणार, हे या हॉर्मोनवर अवलंबून असते. रक्तातले थायरॉक्सिन कमी झाले की पिट्युटरी ‘टीएसएच’ नावाचे हॉर्मोन वाढवते आणि थायरॉइडला कामाला लावते. इथल्या घरांतला थर्मोस्टॅट खोली गार पडताच बॉयलर सुरू करतो, तसेच हे. पण आयोडीनच नसेल तर? हुकूम येत राहतो, ग्रंथी राबत राहते आणि सुजते. हाच गलगंड. मी राहते त्या नॉटिंगहॅमच्या शेजारचा परगणा डर्बीशायर. तिथे हा आजार एके काळी इतका होता, की इंग्रजीत गलगंडाला ‘डर्बीशायर नेक’ असे नावच पडले.

भारतात हा प्रश्न मिठाने सोडवला. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी झाल्याचे दिसले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यामुळे ठाण्या-मुंबईच्या घरात आयोडीन आपसूक पोटात जाते.

ब्रिटनमध्ये तसे नाही. इथल्या दुकानातल्या बहुतेक मिठात आयोडीन नसते. कोशर मीठ आणि गुलाबी मीठ यांतही सहसा नसते. इथल्या लोकांना आयोडीन मिळते ते मुख्यतः गाईच्या दुधातून, कारण गुरांच्या खाद्यात ते घातलेले असते. पेलाभर दुधात मोठ्या माणसाच्या रोजच्या गरजेचा, म्हणजे सुमारे १५० मायक्रोग्रॅमचा, निदान तिसरा हिस्सा असतो.

आता आपले ताट पाहा. मटणाच्या रश्श्यात आपण नारळाचे दूध घालतो, मांसाच्या जेवणावर दही-ताक घेत नाही. त्यात कुणी चहालाही बदामाचे किंवा ओटचे दूध वापरू लागले, तर आयोडीन येणार कुठून? नारळाच्या दुधात ते नगण्य असते आणि वनस्पतींच्या अनेक दुधांत ते घातलेले नसते.

सर्वांत मोठा धोका नवविवाहित मुलींना. पहिले सुमारे तीन महिने गर्भाला जवळपास सारे थायरॉक्सिन आईकडूनच मिळते. म्हणून गरोदर राहिल्याचे कळण्याआधीच शरीरात साठा हवा. गरोदरपणी ही गरज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते.

काय करावे?

१. शक्य असेल तर मांस नसलेल्या जेवणात रोज दूध किंवा दही घ्या.

२. आठवड्यातून एक-दोनदा कॉड किंवा हॅडॉक आणा. दोन्हींना पर व खवले आहेत आणि आयोडीनही भरपूर.

३. वनस्पतींचे दूध घेताना डब्यावर ‘पोटॅशियम आयोडाइड’ लिहिले आहे का, ते वाचा.

४. आयोडीन हवे म्हणून मीठ वाढवू नका, रक्तदाब वाढेल. आहे तेवढेच मीठ आयोडीनयुक्त घ्या.

५. समुद्री शेवाळाच्या गोळ्या टाळा. आयोडीन अति झाले तरी थायरॉइड बिघडते.

६. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आहार बदलला म्हणून ती बंद करू नका. ती उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्या. लोह-कॅल्शियमच्या गोळीशी चार तासांचे अंतर ठेवा.

सतत थकवा, थंडी सहन न होणे, केस गळणे, बद्धकोष्ठ, वजन वाढणे ही लक्षणे दिसली तर ‘इथली हवाच अशी’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडून टीएसएचची तपासणी करून घ्या. एका रक्ताच्या नमुन्यात बरेचसे कळते.